पोरगं पहिल्यांदा पुण्यात शिकायला चाललंय? आईबाबांनी काय करायचं, कधी करायचं आणि कुठे थांबायचं

मी कर्वेनगरला मुलींना कॉट बेसिसवर रूम देते, १४ वर्षं झाली. दरवर्षी ॲडमिशनचे राऊंड संपत आले की बार्शी, परभणी, चाळीसगाव, कणकवली, कुठून कुठून आईवडील मुलीला घेऊन येतात आणि जवळजवळ सगळे तेच ते करतात. जे काम निघायच्या आधी उरकायचं ते राहून गेलेलं असतं, आणि जे मुळात करायचंच नाही ते मुलीला सोडून घरी पोचल्यावर जोरात सुरू होतं. रात्री साडेअकराला मला फोन, "ताई, ही फोन उचलत नाहीये, जरा वर जाऊन बघता का?" वर जाऊन बघावं तर बाई फोन सायलेंटवर टाकून गाढ झोपलेली.

मी काही वेगळी नव्हते, माझा मुलगा नागपूरला गेला तेव्हा यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्यात, त्यातली एक खाली येईलच. हे मी पुण्यात डिग्रीला, इंजिनियरिंगला येणाऱ्या पोरांच्या हिशोबाने लिहितेय, पण नाशिक, संभाजीनगर, कोल्हापूर कुठेही जात असेल तरी क्रम हाच ठेवा.

## टप्पा १ : कागद (निघायच्या आधी निदान १५ दिवस)

बॅगा, चादरी, स्टीलचा डबा हे सगळं नंतर. आधी कागद, कारण ही कामं तुमच्या गावच्या बँकेत, तुमच्या ओळखीच्या सेतू केंद्रात पटकन होतात, पुण्यात बसून अवघड जातात.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती आधारला जोडलेल्या मोबाईल नंबरवर. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलींच्या आधारला बाबांचा नंबर असतो, कधीकधी तोही बंद पडलेला. मग महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना ओटीपी जातो बाबांच्या फोनवर, बाबा शेतात नाहीतर ड्युटीवर, इकडे ओटीपीची वेळ संपते आणि मुलगी सायबर कॅफेत रडकुंडीला आलेली. म्हणून आधार केंद्रावर जाऊन मुलाचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. मुलाला बरोबर न्यावं लागतं, त्याच्या बोटाचा ठसा लागतो, तुम्ही एकटे जाऊन ते काम होत नाही.

दुसरं बँकेचं. शाळेत असताना काढलेलं मायनर खातं तसंच पडून असतं, १८ पूर्ण झाली की नवीन केवायसी आणि मुलाची स्वतःची सही द्यावी लागते, नाहीतर ऐनवेळी खातं अडकतं. आणि खातं आधारशी "लिंक" असणं आणि सरकारी पैसे जमा व्हायला त्याचं "सीडिंग" झालेलं असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बँकेत दोन्ही विचारा. काउंटरवरचा माणूस एकदा "हो झालंय" म्हणाला म्हणून समाधान मानू नका.

तिसरं नाव. दहावीच्या मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं, पासबुकवर आडनाव आधी. हे आत्ताच सरळ करून घ्या.

मग दाखले. उत्पन्नाचा, डोमिसाईल, ज्यांना लागू आहे त्यांना जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी, नॉन क्रीमीलेअर, ईडब्ल्यूएस. प्रत्येकावर मुदत किंवा आर्थिक वर्ष लिहिलेलं असतं ते वाचा, "मागच्या वर्षी काढलाय की" हे चालत नाही. कॉलेज ओरिजिनल एलसी ठेवून घेतं, तर त्याआधी एलसीच्या निदान पाच झेरॉक्स काढा आणि स्वच्छ स्कॅन करून ठेवा.

मुलगी असेल आणि प्रवेश कॅप राऊंडमधून (म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) व्यावसायिक कोर्सला झालेला असेल, तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ते नाही. हे माहीत नसल्यामुळे कर्ज काढून पूर्ण फी भरलेले वडील मी बघितलेत. राहण्याखाण्याच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम. आपल्याला कुठली बसते ते कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात विचारायचं, आणि विचारायला मुलाला पाठवायचं, तुम्ही दाराबाहेर थांबायचं.

अँटी रॅगिंगचं हमीपत्र यूजीसीच्या वेबसाईटवर ऑनलाईन भरतात, मुलाचंही आणि पालकांचंही, आणि ते दरवर्षी भरायचं असतं. घरीच बसून भरून टाका, भरताना वाचा पण. नुसतं "आय ॲग्री" करत सुटू नका, कारण त्यात रॅगिंग म्हणजे नक्की काय काय ते लिहिलेलं असतं आणि बऱ्याच पोरांना ते तिथेच पहिल्यांदा कळतं.

इथे थांबून तपासा : आधारचा ओटीपी मुलाच्या फोनवर येतो का? सगळे कागद त्याच्या डिजिलॉकरमध्ये किंवा ईमेलमध्ये आहेत का? महाडीबीटीचा युजरनेम-पासवर्ड *त्याला* माहीत आहे का? तिन्ही हो असेल तरच पुढे चला.

सावध : ओरिजिनल मार्कशीटची फाईल रूमवर ठेवायला देऊ नका. कॉलेजने मागितलं तेवढंच जातं, बाकी घरच्या कपाटात. पावसाळ्यात रूमवर पाणी गळतं, मी घरमालकीण आहे, मीच सांगतेय.

## टप्पा २ : घरातली तालीम (शेवटचे १० दिवस)

हा टप्पा लोक पूर्ण गाळतात. त्या दहा दिवसांत मुलाला मामाकडे, आत्याकडे, कुलदैवताला फिरवतात, आवडीचं खायला घालतात, आणि त्याला एक शर्टसुद्धा धुता येत नाही.

दहा दिवसांत पुढची कामं त्याने एकट्याने एकदा तरी केलेली हवीत. स्वतःचे कपडे धुणं, जीन्ससकट. बँकेत जाऊन स्वतः फॉर्म भरणं. दवाखान्यात एकट्याने जाऊन डॉक्टरला काय होतंय ते सांगणं, म्हणजे आई शेजारी बसून "त्याला ना कालपासून..." असं सुरू करणार नाही. गॅस सिलेंडरचं बटण बंद करता येणं. भात किंवा निदान मॅगीच्या पलीकडचं काहीतरी एक करता येणं. मुलगा असो वा मुलगी, यादी तीच.

औषधांचं : एका कागदावर ब्लडग्रुप, कशाची ॲलर्जी, कुठलं औषध सुरू आहे, जुनी प्रिस्क्रिप्शन. दमा, फिट्स, थायरॉईड असं काही असेल तर ते एका तरी रूममेटला आणि घरमालकाला सांगायचं असतं, लपवायचं नसतं. एका मुलीला माझ्याकडे रात्री दम्याचा अटॅक आला तेव्हा आम्हाला कुणालाच काही माहीत नव्हतं, घरच्यांनी "कशाला उगाच सांगायचं, पुढे लग्नाला अडचण" म्हणून तिला गप्प राहायला सांगितलेलं. तिचा पंप बॅगेच्या तळाशी सापडला तोपर्यंत आमचेच हातपाय गार पडले होते.

## टप्पा ३ : सामान

थोडक्यात सांगते, कारण यावर तुम्ही आधीच भरपूर वेळ घालवलेला असणार. कॉट बेसिसला तुमच्या वाट्याला एक कॉट, अर्धं नाहीतर एक छोटं कपाट आणि कॉटखालची जागा येते, त्यात तीन मोठ्या बॅगा मावत नाहीत. गादी मिळते का ते आधी फोनवर विचारा. बादली, मग, हँगर पुण्यातच घ्या. कपाटाला स्वतःचं कुलूप आणि दोन किल्ल्या. पावसाळा असतो, छत्री आणि जाड चपला हव्यात, आणि डेंग्यूचे दिवस असतात म्हणून मच्छरदाणी किंवा मशीन. ड्राफ्टर, एप्रन, वर्कशॉपचा ड्रेस आधी घेऊ नका, कॉलेज सांगतं कुठला ते.

लोणचं काचेच्या बरणीत देऊ नका. एवढं ऐका.

## टप्पा ४ : सोडायचा दिवस

एक दिवस. फार तर एक मुक्काम. तीन-तीन दिवस लॉजवर राहून रोज सकाळी रूमवर येणारे आईबाबा असतात, आणि त्यांची मुलगी रूममेट्सबरोबर चहाला जाऊ शकत नाही, कारण आई खाली उभी. बाकीच्या तिघींची त्या तीन दिवसांत ओळख होऊन जाते आणि ही चौथी होते. तीन दिवस काळजीने थांबलात, पण त्यात पोरगी एकटी पडली.

त्या दिवसाचा क्रम असा ठेवा.

आधी रूम. पैसे द्यायच्या आधी नळ सोडून बघा, पाणी किती वाजता येतं विचारा, गिझर चालतो का, संडास किती जणींमध्ये एक. कपाट, भिंत, कॉट यांचे फोटो काढून ठेवा म्हणजे सोडताना डिपॉझिटवरून वाद नको. डिपॉझिटची पावती किंवा करार लेखी घ्या, सोडताना किती दिवस आधी सांगायचं ते त्यात असू दे. घरमालक आधारची झेरॉक्स आणि फोटो मागेल, भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, त्यात घाबरायचं काही नाही. जो घरमालक काहीच मागत नाही, पावतीही देत नाही, तिथे जरा थांबा. माझ्या धंद्यातले लोक चिडतील, पण खरं आहे.

मग मेस. एकदम तीन महिन्यांचे पैसे भरू नका, एक वेळ जेवा, मग एक महिना. खाड्यांचा नियम विचारा, म्हणजे सलग किती दिवस नसलं तर पैसे कापले जातात आणि किती आधी सांगावं लागतं. रविवारी संध्याकाळी बऱ्याच मेस बंद असतात, त्या रात्री कुठे जेवायचं ते आधीच बघून ठेवा, कारण पहिल्या रविवारी नेमकी पोरं उपाशी झोपतात आणि घरी फोन करून रडतात.

मग रस्ता. रूम ते कॉलेज रिक्षाने नाही, तुमच्या गाडीने तर अजिबात नाही. ज्या पीएमपीने किंवा मेट्रोने तो रोज जाणार त्यानेच, आणि पुढे तो, मागे तुम्ही. तिकीट त्याने काढायचं. चुकीच्या स्टॉपला उतरला तर उतरू दे, तुम्ही बरोबर असताना चुकलेलं बरं.

शेवटी जवळचं. मेडिकल, एक साधा एमबीबीएस दवाखाना, झेरॉक्सचं दुकान, एटीएम. दाखवा आणि निघा. अंधार पडायच्या आत निघा, रात्रीचं निघालं की रडारड वाढते.

सावध : निघताना घरमालकाला बाजूला घेऊन "जरा हिच्यावर लक्ष ठेवा, काही वाटलं तर आम्हाला गुपचूप कळवा" असं सांगू नका. मला हे दरवर्षी कुणीतरी सांगतं. मुलीला ते कळतंच, आणि मग खरंच काही झालं, ताप आला, कुणी त्रास दिला, तरी ती माझ्याकडे येत नाही, कारण मी "घरच्यांची माणूस" झालेली असते. सांगायचंच तर मुलीसमोर सांगा, "काही अडलं तर काकूंना सांग."

## टप्पा ५ : पहिला आठवडा आणि फोन

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे.

फोनची वेळ ठरवा. रात्री जेवण झाल्यावर, नऊच्या पुढे, दिवसातून एकदा, आणि शक्यतो फोन त्याने करायचा. पहिल्या आठवड्यात तो विसरेल एखाद्या दिवशी, तेव्हा एक मेसेज टाका, "वेळ मिळाला की कर". सतरा मिस्ड कॉल नको. व्हिडिओ कॉल रूममध्ये नको, तिथे बाकीच्या मुली कपडे बदलत असतात, झोपलेल्या असतात, तुमच्या व्हिडिओ कॉलमुळे तुमच्याच मुलीशी त्या बोलायच्या बंद होतात. फोनमध्ये लोकेशन लावून दिवसभर तो ठिपका बघत बसणं हे तर बंदच करा, ठिपका एफसी रोडला दिसला म्हणून बाबांचा पारा चढतो आणि तिकडे पोरगं पुस्तकं घ्यायला गेलेलं असतं.

काय विचारायचं? "जेवलास का" हे विचारणारच आपण, विचारा, पण तिथेच थांबू नका. "आज मेसला काय होतं", "शेजारी कोण बसलं होतं", "बस मिळाली का वेळेवर". छोटे प्रश्न, ज्यांचं उत्तर "हो"च्या पलीकडे द्यावं लागतं. "अभ्यास सुरू केलास का?" पहिल्या आठवड्यात नको. अजून टाईमटेबल हातात आलेलं नसतं.

आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री तो फोन येतो. "मला नाही राहायचं इथे, मला घरी यायचंय."

माझ्या मुलाचा आला तेव्हा मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने नागपूरला निघाले, डब्यात थालीपीठं घेऊन. सकाळी हॉस्टेलवर पोचले तर हा मुलांबरोबर व्हरांड्यात कॅरम खेळत बसलेला, मला बघून चेहरा असा पडला, "आई, तू कशाला आलीस?" सगळी पोरं बघतायत. थालीपीठं त्यांनीच संपवली, ते जाऊ दे. पण त्यानंतर त्याने मला काही सांगणंच सोडलं, कारण काही सांगितलं की आई येऊन उभी राहते. सहा महिन्यांनी कावीळ झाली ती मला त्याच्या मित्राकडून कळली.

तर त्या रात्री करायचं ते एवढंच. ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही. "आम्ही एवढा पैसा घातलाय" नाही, आणि "उद्या येतो न्यायला" पण नाही. रडू द्यायचं. मग विचारायचं, "उद्या सकाळी काय आहे?" आणि "उद्या रात्री परत बोलू." बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीचा फोन निम्म्या वेळाचा असतो. आई रडकी असेल तर त्या रात्री फोन बाबांनी घ्यावा, किंवा उलट, तुमच्या घरात कोण घट्ट आहे ते तुम्हालाच माहीत.

पण हे वेगळं, इथे वाट बघायची नाही : आठवडाभर नीट जेवण-झोप नाही, रूमच्या बाहेरच पडत नाही, कॉलेजला जाणं बंद, फोनवर आवाज सपाट, किंवा "जगण्यात काही अर्थ नाही" अशा अर्थाचं काहीही. त्या दिवशी निघायचं, कामं बाजूला ठेवून, आणि पोचेपर्यंत त्याच्याजवळ रूममेट किंवा घरमालक बसेल असं बघायचं. टेलिमानस १४४१६ ही सरकारी हेल्पलाईन फुकट आहे, २४ तास चालते, मराठीत बोलता येतं, तुम्हीसुद्धा तिथे फोन करून काय करावं विचारू शकता.

रॅगिंगचं काही कानावर आलं तर "सीनियर आहेत, थोडं सहन कर" हे वाक्य तोंडातून काढू नका. हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, कॉलेजची अँटी रॅगिंग कमिटी वेगळी. महाराष्ट्रात १९९९ पासून यावर स्वतंत्र कायदा आहे, २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मेसेज, फोटो, वेळ-तारीख जपून ठेवायला सांगा.

## टप्पा ६ : दुसरा ते चौथा आठवडा, कॉलेजचं

इंजिनियरिंगला सुरुवातीला एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) नियमाप्रमाणे इंडक्शन, म्हणजे नव्या मुलांना कॉलेजची ओळख करून देणारा कार्यक्रम, असतो, मूळ आराखडा ३ आठवड्यांचा, प्रत्येक कॉलेज आपापल्या परीने घेतं. पोरं म्हणतात टाईमपास आहे आणि घरी निघून येतात, आईबाबा खुश. नको. ग्रुप तिथेच बनतात. नंतर जर्नल कोणाचं मागायचं, आजारी पडला तर हजेरीचं कोणाला सांगायचं, हे सगळं त्या "टाईमपास"वर अवलंबून असतं.

शेवटच्या राऊंडला प्रवेश झालेल्यांचं उलटं असतं, ती पोरं येतात तेव्हा लेक्चर सुरू होऊन गेलेली असतात. त्यांना पहिल्याच दिवशी दोन कामं सांगा : सीआरला, म्हणजे वर्गप्रतिनिधीला, भेटून क्लासच्या ग्रुपवर ॲड होणं, आणि जीएफएम कोण आहे ते शोधून स्वतः जाऊन भेटणं. जीएफएम म्हणजे ठराविक पंधरा-वीस मुलांची जबाबदारी दिलेले सर किंवा मॅडम, काही कॉलेजात टीजी म्हणतात. तुम्ही त्यांचा नंबर सेव्ह करा, पण फोन करू नका. पहिल्या महिन्यात पालकांचे इतके फोन जातात की खऱ्या अडचणीचा फोनसुद्धा मग त्यातलाच एक वाटतो.

हजेरी. साधारण ७५ टक्क्यांचा नियम असतो आणि पोरांना वाटतं सेमिस्टरच्या शेवटी बघू. डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे कमी हजेरीवाल्यांची यादी, महिन्याभरात लागते. ह्याबद्दल एकदाच, स्पष्ट बोला, रोज नाही.

बीए, बीएस्सी, बीकॉमला नवीन शैक्षणिक धोरणामुळे मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे विषय निवडायचे असतात आणि जागा मर्यादित, लिंक कधी येते कळत नाही. तिथे तुम्ही गावाहून "अमुक घे, त्याला स्कोप आहे" करत बसलात तर तोपर्यंत जागा भरतात. त्याला घेऊ द्या.

आता भाषेचं, कारण हे कुणी बोलत नाही. मराठी किंवा सेमी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिले काही आठवडे लेक्चर डोक्यावरून जातं. गावात पहिला येणारा मुलगा इथे मागच्या बाकावर गप्प. तो तुम्हाला "इंग्रजी कळत नाही" असं सांगणार नाही, तो सांगेल "सर नीट शिकवत नाहीत", "कॉलेज बोगस आहे", "ब्रँच चुकली". ऐकताना हे लक्षात ठेवा. उपाय साधा आहे, लेक्चरच्या आदल्या रात्री तोच टॉपिक मराठीत किंवा हिंदीत व्हिडिओवर बघायचा आणि रोजचे दहा शब्द वहीत. महिना-दीड महिन्यात कान सरावतो. लगेच एम-वनचा (इंजिनियरिंगच्या पहिल्या गणिताचा) क्लास लावून पैसे ओतू नका, पहिली टेस्ट होऊ द्या, मग कळेल विषय अडतोय की भाषा.

तपासा : प्रवेश रद्द करायची शेवटची तारीख तुम्ही तुमच्यापुरती बघून ठेवा, कारण ती गेल्यावर फी परत मिळणं अवघड. मुलासमोर त्याचा उच्चार नको. पण "सोडायचंय" हे तीन-चार आठवडे तसंच टिकलं, दिवसासुद्धा, तब्येत बरी असतानासुद्धा, तर ती आठवण नसते घरची, मग समोर बसून बोला.

## टप्पा ७ : पैसे

पहिल्या महिन्याचा खर्च ठरवलेल्यापेक्षा जास्तच होतो, बादली, झेरॉक्स, जर्नल, बसपास, आणि चार वेळा बाहेरचं खाणं. त्या महिन्याचा हिशोब मागू नका. दुसऱ्या महिन्यापासून ठराविक तारखेला ठराविक रक्कम, मागायला न लावता. "संपले की सांग" हे उदार वाटतं पण तसं नाही, पोरं सांगत नाहीत, लाजतात, घरची परिस्थिती त्यांना माहीत असते. माझ्याकडची एक मुलगी महिन्याच्या शेवटी संध्याकाळची मेस बंद करून बिस्किटं खायची, घरी फोनवर "हो आई, जेवले."

यूपीआय सर्कल म्हणून सोय आहे, तुमच्या खात्यातून मुलाला मर्यादेत खर्च करता येतो, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० पर्यंत. चांगली आहे, फक्त प्रत्येक खर्च तुम्हाला दिसतो, तर वीस रुपयाच्या चहाचं "कुणाबरोबर?" विचारायचं नाही असं स्वतःला बजावून मगच सुरू करा.

सावध : "तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडलंय, पैसे पाठवा" असे फोन हॉस्टेलवरच्या मुलांच्या आईबापांना येतात, मागे कुणीतरी रडण्याचा आवाज पण काढतं. फोन ठेवा, मुलाला लावा, नाही उचलला तर रूममेटला. म्हणून दोन रूममेटचे नंबर आधीच घेऊन ठेवायचे, ते फक्त अशा वेळी वापरायचे. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३०.

## टप्पा ८ : पहिल्यांदा घरी येणं

पहिले तीन शनिवार-रविवार बोलावू नका. जवळचं गाव असलं तरी, सातारा, नगर, बारामती असलं तरी. शनिवार-रविवारीच कपडे धुणं, रूममेटशी भांडण, भांडण मिटणं, शहर बघणं हे सगळं होतं. दर शुक्रवारी बॅग भरणारी मुलगी दिवाळीपर्यंत पुण्यात पाहुणीच राहते, बघितलंय मी. फारच वाटलं तर एकदा तुम्ही या, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, सकाळी येऊन संध्याकाळी परत, बाहेर जेवा, रूमवर जाऊन कपाट आवरू नका.

बहुतेकांना पहिली खरी खेप गौरी-गणपतीला जमते. तिकीट त्यालाच काढू द्या, आणि लवकर, कारण त्या दिवसांत स्वारगेटला उभं राहायला जागा नसते. आला की झोपू द्या. खरंच, पहिला दिवस नुसता झोपतो. बारीक झालाय, काळा पडलाय, केस कसले ठेवलेत, हे पाहुण्यांसमोर नको. आरतीला जमलेल्या काकांना "कुठलं कॉलेज, पॅकेज किती मिळतं" ह्याची चौकशी करू देऊ नका, तेवढी ढाल तुम्ही व्हा.

परत जायची तारीख यायच्या आधीच ठरलेली असू दे आणि ती पाळा. "अजून एक दिवस राहा ना" हे आईच्या तोंडून येतं, पोरगं राहतं, सोमवारचं प्रॅक्टिकल बुडतं. दुसऱ्यांदा जाणं पहिल्यापेक्षा जड असतं, कारण आता तिकडे काय आहे ते त्याला माहीत असतं, आणि तुम्हालाही रिकामी खोली परत बघायची असते. मेसवाल्याला कधीपासून डबा सुरू करायचा ते त्याने आदल्या दिवशी फोन करून सांगितलंय का तेवढं विचारा, चार दिवस पुरेल एवढाच चिवडा द्या, आणि बसवर सोडायला एकानेच जा.

"पोचलास की फोन कर" म्हणा. तो विसरणार आहे. साडेदहापर्यंत थांबा, मग तुम्ही करा, एकदाच.